पोटातलं शेततळं

ओझरला संकष्टीच्या रांगेत भिमाजी आणि साळुबाई हे नवराबायको माझ्या पुढेच होते.

“डॉक्टर काय म्हनले, सांगा की.”

“आतड्याचं अस्तर झिरपतंय. नको ते रक्तात उतरतं, त्यानंबी साखर वाढती.”

“म्हंजी आपल्या शेततळ्याचा पलास्टिकचा कागद फाटून पानी झिरपत व्हतं, तसं?”

“तसंच. भाकरी, मटकी, ताक खाल्लं की सांधतो म्हनं.”

“आन् पेढ्याचं?”

“ते म्या इचारलंच न्हाई. बंदच करा म्हनले असते.”

“मंग मीच सांगते. इघ्नहरा, ह्यांच्या नावानं आजपास्नं पेढा सोडला!”

“अगं, हळू! त्यो ऐकतोय!”

गाभाऱ्याशी पुजाऱ्यांनी भिमाजींच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला, साळुबाईंकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

“ताई, तुमचा कागद धड हाय ना? मंग धरा.”