आवाज तुटला की तो उठते

नाई, नाई, वर पाहू नको ताई, छपराच्या कवेलूची माती डोळ्यात जाईन. तशीच बस. मोहाच्या पोत्याले पाठ टेकव, पाय वर घे — अजून वर — हां. माळ्याच्या तोंडाशी सरकवलेलं पोतं तिथंच राहू दे. बोलू नको, नुसती मान हलव, मले इथून छपराच्या भोकातून दिसते. मी वाजिदभाई. वनखात्याच्या रेस्क्यूचा वाजिदभाई, नाव ऐकलं असशीन तू, गोंडपिपरीकडचे बिबट मीच धरले — ते जाऊ दे आता. हा तुह्या बाजेखाली पडून आहे ना, हा काई लय मोठा नाई. मोठा आहे? तुले वरून तसा वाटत असन. कुत्र्याकडं पाहू नको. कुत्रं गेलं, त्याचं आता काई होत नाई. पोट भरलं म्हणून तर हा असा पडून आहे, हे आपल्यासाठी चांगलंच झालं म्हण.

मी एवढी बडबड काऊन करून राह्यलो? बिबट असला की चूप राहावं म्हणते ना सारे? सांगतो. हळू, एकसारखा आवाज चालू असला ना, तर तो त्याच्याकडं कान देत नाई. आपण रेडिओ लावून झोपतो, तसं. आवाज तुटला की मुंडकं वर काढते. मघा पोलिसांनी बाहेरचा गलका एकदम बंद केला, तवा कसा उठून दारावर आपटला, ऐकलं ना तू? घर हाललं सारं. म्हणून मी बोलत राह्यतो, तू ऐकत राह्य. काईही बोलतो, मनावर घेऊ नको. हे माह्या हातात दिसते ते पिस्तूल आहे, पण गोळीचं नाई, बेशुद्धीच्या सुईचं. गॅसवर चालते. एका खेपेले एकच सुई, मारली की मंग पुन्हा उघडा, पुन्हा भरा. आणि भरणार काय, सुई तर आता ही एकच राह्यली. दुसरी फुटली ना — वाजिदभाई छपरावरून पडले तवा त्यांच्या अंगाखालीच —

आं? हो. बोललो खरा.

नाई मी वाजिदभाई. हलू नको! हलू नको ताई, तुह्या पाया पडतो. मी प्रफुल. गाडी चालवतो त्यांची. वाजिदभाई खाली अंगणात लिंबाखाली बसून आहेत, हाताले फळी बांधून. पहिले तेच चढले होते, पण अंगानं भारी माणूस, तुह्या छपराच्या लाकडी फाट्याले लागली आहे उधई, आतून सारे पोकळ, दुसरं पाऊल टाकलं अन् कवेलूसकट खाली. मनगट मोडलं. जनावराचे डाक्टरसाहेब एटापल्लीकडून निघाले म्हणते, पण त्या रस्त्याले खनिजाच्या ट्रकांची रांग, कवा पोचतीन कोणाले ठाऊक. साऱ्या टीममंदी हडकुळा मीच. छपरानं मलेच घेतलं ना बापा, दुसऱ्या कोणाले घेतलं नाई. जनावरावर मी कवाच मारली नाई सुई. पोत्यावर मारली. वाजिदभाई मोकळ्या वेळात ऑफिसमागं पोत्यावर नेम धरते, कवा कवा मलेबी देते धराले. पण पोतं पडून राह्यते ताई. पोत्याले डोळे नसते.

पण शिकवलं त्यांनी बराबर. आताही खालून हातानं दाखवून राह्यले, एका हातानं. म्हणते, घाटात स्टेअरिंग धरतोस ना, तसं धर — आवळू नको अन् सोडूबी नको. आवळलं की बोटं थरथरते, थरथर नळीच्या टोकापर्यंत जाते. उजव्या हाताची मूठ, तिच्याखाली डावा हात, दोन्ही अंगठे एकाच बाजूले. आणि हात अधांतरी ठेवायचा नाई, कोणाचाच हात अधांतरी थांबत नाई म्हणते, पहिलवानाचाबी नाई. म्हणून हे पाह्य, फाट्यावर दुपट्टा घडी करून ठेवला, त्याच्यावर मनगट टेकवलं. नळी नाई टेकवायची लाकडावर, नळी टेकली की मारताना उसळते अन् सुई भलतीकडं जाते. मनगट टेकवायचं. मंग श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, अन् घोडा — झटका नाई द्यायचा, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबतो तसा दाबत जायचा. सारं येते मले. सारं तोंडपाठ आहे. पोटाखाली कवेलू तापले, घाम डोळ्यात उतरून राह्यला, पुसाले हात मोकळा नाई, आणि त्याची मांडी दिसत नाई. शेपूट दिसते, मागचा एक पंजा दिसते. सुई पाह्यजे मांडीत नाईतर खांद्यात. पंजात मारून काय करू? एकच आहे ना.

ऐकू आलं? दार वाजलं. भेऊ नको, तो भूपेशभाऊ. तुहा नवराच आहे, कुऱ्हाड घेऊन आहे. म्हणते, तुमच्यानं होत नाई, मी दार उघडून आत जातो. पोचूमामानं कंबर धरून ठेवली त्याची, पण पोचूमामा म्हातारा, किती वेळ धरीन? दार उघडलं तर हा बाहेर नाई पळणार ताई. बाहेर सारा गाव उभा आहे, गावाच्या अंगावर कोणता बिबट जाते? हा वर येईन. पोत्यानं थांबणार नाई. म्हणून मले घाई झाली, नाईतर मी डाक्टरसाहेबाची वाट पाह्यली असती, संध्याकाळपर्यंत असाच बोलत पडलो असतो. तू भूपेशभाऊवर रागावू नको फक्त. त्यानं कडी काई मुद्दाम —

सांगू नको म्हणला होता तो. माहं तोंडच असं आहे.

कडी त्यानंच लावली. बिबट कुत्र्यामागं घरात शिरला ते त्यानं रस्त्यावरून पाह्यलं, धावत आला, दार ओढलं अन् बाहेरून कडी घातली. सारे म्हणले, शाब्बास! मोहाच्या दिवसात सकाळच्या पारी घरात कोण राह्यते सांग? सारा गाव झाडाखाली मोह वेचत. तुही टोपली झाडाखालीच होती, त्यानं टोपली पाह्यली होती. तू पोतं घ्याले परत आलीस हे त्याले कसं माहीत असन? मंग आतून तुही किंकाळी आली. ज्या हातानं कडी लावली तो हात दातात धरून बसला तो, मातीत. मी पाह्यलं ताई. रडू नको. मंग रड वाटल्यास, पोटभर रड, त्याच्यासमोर रड, त्याले दोन शिव्या दे. आता नको. हुंदका आला तर पदर चाव. हां. अशी.

आता ऐक. मी बोलत राह्यलो तोवर हा उठणार नाई, अन् उठला नाई तोवर मांडी दिसणार नाई. समजलं ना तुले? मले चूप व्हावं लागते. मी चूप झालो की हा मुंडकं काढीन, उठीन, बाजेबाहेर येईन. तुह्याकडं पाहीन. पाहू दे. सुई लागली की गुरगुरीन, घरभर फिरीन, भांडे पाडीन, तरी तू त्या कोपऱ्यातून हलायचं नाई. पाय डगमगले की आपोआप बसते तो, मंग झोपते. मी चूप झालो म्हणजे मी गेलो असं समजू नको. मी इथीच आहो. लागली तरी इथीच, नाई लागली तरी इथीच, मंग मी आतमंदी उडी मारीन, दुसरं काय करीन.

एक सांग फक्त. त्याच्याकडं नको पाहू, माह्या हाताकडं पाह्य. हलून राह्यला का हात?

नाई म्हणतेस?

खोटं बोलून राह्यली तू. मीबी मघा खोटंच बोललो होतो, वाजिदभाई म्हणून. फिटलं आपलं.

आता मी चूप होतो, ताई.