न दिलेली बेल

अध्यक्षस्थानी बसलेले आपले आगारप्रमुख योगीराज साहेब, मंचावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती महारुद्रराव ड्रायव्हर, आणि जेवणाचा वास सुटूनही खुर्च्या न सोडलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी बन्सीधर, कंडक्टर. चौदा वर्षं महारुद्ररावांच्याच गाडीवर, सोनपेठ-परभणी. आमचे स्वभाव इतके सारखे, की डेपोत आमच्या गाडीला 'मुक्यांची गाडी' म्हणायचे. दोघंही कमी बोलणारे, दोघंही ताठ. भाकरी एकाच फडक्यावर सोडायची आणि मुकाट जेवायचं. असं जुळणारं माणूस मिळायला नशीब लागतं, असं मी मानत होतो. भांडण कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं!

कंडक्टरची डबल बेल ऐकल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही, हा आमच्या कामाचा धर्म. चार वर्षांपूर्वी पिंगळीला चांगुणाबाई नावाच्या म्हातारबाई उतरत होत्या. एक पाय अजून पायरीवरच, आणि गाडी सुटली. बाईंचं मनगट मोडलं. चौकशीत महारुद्ररावांनी लिहून दिलं, "बेल मिळाली होती." मी तीन महिने निलंबित.

थांबा साहेब, बोलू द्या. आज सत्काराचा दिवस आहे, हे मलाही कळतंय.

आमची मंडळी, धुरपताबाई, रोज म्हणायची, "आवो, जाऊन इचारा की त्यांला! दोस्त हाय ना तुमचा?" मी नाही विचारलं. यांनी आपणहून सांगावं म्हणून अडून बसलो. परत त्याच गाडीवर आलो, त्याच फडक्यावर जेवलो. मी विचारीन म्हणून तेही थांबले असतील. आमच्यातला एक जरी बडबड्या असता, तर काय बिघडलं असतं?

माझा विश्वासघात झाला, महारुद्रराव. निलंबन लोक विसरले. पण इतकी वर्षं तुम्ही माझ्या बेलवर डोळे झाकून गाडी काढलीत, आणि वेळ आली तेव्हा माझंच नाव पुढं केलंत. हे मला अजून गिळता येत नाही.

शाल पांघरून मान खाली घातलीत. तुमच्या जागी मीही तसाच बसलो असतो, म्हणूनच सांगतो, वर बघा. त्या दिवशी बेल मी दिली नव्हती.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. बोलण्यातली ती चूक माझी आहे. मी ती दुसऱ्याच्या नावावर लिहून देणार नाही.