माटोळी समान करताना

सन्माननीय अध्यक्ष कृष्णनाथ सर, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या विज्ञानाच्या चंद्रावतीबाई, आणि पंचक्रोशीतून आलेल्या पालक-विद्यार्थ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मी सुविधा, या शाळेची माजी विद्यार्थिनी. बाईंच्या गुणांवर बोलायला पुष्कळ जण आहेत. मी त्यांच्या एका चुकीवर बोलणार आहे. त्यांना विचारलं आहे. "सांग, पण नीट सांग," म्हणाल्या.

मी नववीत दुसऱ्यांदा बसले होते. त्या वर्षी शाळेत बुद्धिमत्तेच्या प्रकारांचा तक्ता आला. कोणी वाचून शिकतो, कोणी ऐकून, कोणी हातांनी. बाईंनी प्रत्येकाचा एक कागद भरला. माझ्या कागदावर लिहिलं, 'हातांनी शिकते'. ते बरोबर होतं. चूक खालच्या ओळीत होती : 'सुचवलेला मार्ग : शिवणकाम'. तरफेच्या चाचणीत मला वीसपैकी तीन होते, त्यामुळे कोणाला ते खटकलं नाही. शाळा सोडून डिचोलीला शिवणाच्या वर्गाला जायचं ठरलं. शिवणाला मी कमी लेखत नाही. पण मला शाळा सोडायची नव्हती, आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

चवथीच्या आदल्या दिवशी बाई त्या कागदावर बाबांची सही घ्यायला घरी आल्या. मी स्टुलावर उभी राहून माटोळी बांधत होते. आमच्याकडे गणपतीवरची ही फळं बांधलेली लाकडी चौकट मधल्या एकाच दोरावर टांगतात. फळं कमीजास्त झाली की ती तरफेसारखी कलते.

"सही करतां, बाई," बाबा म्हणाले, "पण आधी ही माटोळी समान जाऊं दे. माझो खांदो वर जायना, म्हणून हीच बांधता."

बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी नारळांचा घोस मधल्या दोरापासून चार वितींवर होता, तो सोडून दोन वितींवर बांधला. चौकट लगेच कलली.

"बाईंक काय जालां?" आई आत कुजबुजली.

"कर समान," बाई मला म्हणाल्या.

मी पलीकडचं चिबुडाचं फळ सोडून मध्याकडे बांधलं. चौकट सरळ झाली.

"तिथंच का?"

"नारळ अर्ध्यावर आले. चिबूड पण अर्ध्यावर."

"न मोजता?"

"मोजलं ना. वितीनं."

बाईंनी बाबांच्या हातातला कागद परत घेतला. पर्समधलं लाल पेन काढून खालची ओळ खोडली. "चूक माझी आहे," त्या बाबांना म्हणाल्या. "हिचे हात बघितले, ते काय करतात ते बघितलं नाही."

कौतुक तिथंच संपलं. पुढे वर्षभर प्रत्येक धडा मी आधी दोरी, काठी, वजनं घेऊन करायचा आणि त्याच दिवशी वहीत लिहायचा, हा बाईंचा नियम. लिहायचा मला कंटाळा. बाई म्हणायच्या, "परीक्षेत दोरी नेऊ देत नाहीत गो."

आज मी मांडवीकाठच्या एका गोदीत जड भाग क्रेनने उचलण्याचे आराखडे करते. टेबलावर दोरा आणि चार नट असतात. आधी ते टांगून बघते, मग आकडे मांडते. माझी शिकण्याची पद्धत हीच, हे मला पंधराव्या वर्षी कळलं. पण ती पद्धत म्हणजे माझी मर्यादा नव्हे, हे कळायला बाईंना तो कागद खोडावा लागला. विद्यार्थ्यासमोर आपलं लिहिलेलं खोडणारे शिक्षक आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहेत?

बाई, तो कागद माझ्याकडे आहे. आयोजकांनी बोलायला बोलावलं, आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, तर लाल पेन अजून तुमच्या पर्समध्ये असेलच.