सहाव्या प्रश्नावरची रेघ

सर : अगं, फेरतपासणी म्हणजे मार्कांच्या बेरजा बघायच्या. माझं तपासणंच काय तपासतेस?

बाई : विभागप्रमुख आहे मी, सर. तुमची विद्यार्थिनी होते म्हणून डोळेझाक कशी करू? हा सहावा प्रश्न बघा. एक भागिले एन लॉग एन, अशी अनंत श्रेणी. बेरीज कुठे थांबते की वाढतच जाते? आठपैकी शून्य दिलंत.

सर : शून्यच. नमुना उत्तरात इंटिग्रल टेस्ट आहे. ही पोरगी भलतंच काहीतरी करत बसलीय.

बाई : आधी रेशो टेस्ट लावली. एक आलं, म्हणजे काहीच कळत नाही, असं स्वतःच लिहून खोडलं. मग एक भागिले एनशी तुलना केली. तीही जमली नाही.

सर : म्हणजे चाचपडतेय.

बाई : कसोटी निवडतेय. पुढचं पान वाचलंत?

सर : रोज साठ पेपर होते गं. नमुन्याशी जुळेना, मारली रेघ.

बाई : आता वाचा.

(सर चष्मा लावून पान वाचतात. मग पुन्हा पहिल्यापासून.)

सर : दोन, चार, आठ... पदांचे गट पाडलेत. प्रत्येक गटामागे एकच पद ठेवलं. उरली एक भागिले केची श्रेणी, तिची बेरीज तर वाढतच जाते. बरोबर आहे गं हे! शिकवलं कुणी? आपल्या अभ्यासक्रमात नाही.

बाई : कुणीच नाही. तिथंच सुचलं असणार. खोडाखोड बघा ना.

सर : माझं डोकं कुठं होतं? तीस वर्षं तपासतोय. अशा किती रेघा मारल्या असतील... किती मार्कांनी गेली होती?

बाई : पाच.

सर : मग झाली की पास! कळव तिला.

बाई : सकाळीच जाऊन आले. औषधांच्या गोदामात खोकी भरते. नापास झाली तशी घरच्यांनी कॉलेजमधून नाव काढलं. हा अर्जसुद्धा मैत्रिणीनं मागे लागून करायला लावला होता.

सर : काय म्हणाली?

बाई : म्हणाली, ‘बरोबर होतं? मी तर चार महिने स्वतःला समजावतेय, की आपल्याला गणित येतच नाही.’

सर : पत्ता दे. मी जातो, माफी मागतो. वर्गात परत आणतो तिला.

बाई : विचारलं मी, सर आले तर चालेल का म्हणून.

सर : मग?

बाई : नको म्हणाली. ‘आत्ता कुठे जरा सवय झालीय,’ म्हणाली.