नवरीच्या गाण्यांचं गाठोडं

हसा तुम्ही, पण माझ्या ताईच्या रिसेप्शनला आम्ही तिला तोंडाने बँड वाजवत हॉलमध्ये आणलंय. गिरीज गावातल्या हॉलला साउंडसाठी माझा लिनक्सवाला लॅपटॉप लावलेला आणि ताईच्या एन्ट्रीची गाणी राहिली सांडोर गावात, मावसभाऊ सॅव्हियोच्या लॅपटॉपवर. त्याला फोनवर बजावलं, "सगळी गाणी एका गाठोड्यात बांध, tar.gz फाईल पाठव."

दोन मिनिटांत फाईल आली. मी खूश! गाठोडं सोडायला tar -xzf कमांड मारली, तर लॅपटॉप म्हणे ही gzip, म्हणजे आवळून बांधलेली फाईलच नाही. परत डाउनलोड केली, परत तेच. ताई दारात उभी, पप्पा सुटाबुटात घामाघूम, "अरे, वाजव काहीतरी!"

शेवटी file कमांड मारून त्या फाईललाच विचारलं, बाई, तू आहेस तरी कोण? उत्तर आलं, जेपीईजी. म्हणजे फोटो! उघडला, तर सॅव्हियोच्या लॅपटॉपची स्क्रीन. पठ्ठ्याने मोबाइलने फोटो काढून त्याच्या नावापुढे tar.gz लावून पाठवलेला.

फोन लावला. "अरे येड्या, हा फोटो आहे!"

"हो मग? सगळ्या गाण्यांची नावं आलीत ना त्यात? नाय दिसत तर झूम कर!"