गल्लीत सगळं छान चाललंय

नाही, पण मी म्हणते, घरातल्या एकाचाही माझ्यावर विश्वास बसू नये? एकाचाही? नवऱ्याचा नाही, सासूचा नाही, जिला नऊ महिने पोटात वागवली त्या लेकीचाही नाही! घसा फोडून सांगत होते, अहो, हा मुलाकडचा माणूस नाही, सरकारी माणूस आहे! ऐकतंय कोण? आणि आता बसलेत सगळे कपाळाला हात लावून...

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल, बाई डोक्यावर पडली.

तर आमच्या लेकीचं जमत आलं होतं. मुलगा छापखान्यात कामाला, शहराच्या पार त्या टोकाला राहणारा. आता लग्न म्हटलं की मुलाकडचे चौकशी करणारच, आणि ती काय ढोल वाजवून करतात? कुणीतरी साधासुधा माणूस गल्लीत येणार, इकडचं तिकडचं विचारणार. म्हणून आमच्या ह्यांनी काय करावं? दारोदार जाऊन सांगून आले, "कुणी अनोळखी विचारायला आला तर सगळं छान चाललंय म्हणायचं! पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे!" आणि गल्ली तरी कशी, एरवी कचऱ्याच्या डब्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरणारी, पण पोरीचं लग्न म्हटल्यावर एकदिलानं उभी राहिली ना!

आता छान काय चाललंय हो? मी हॉटेलांच्या चादरी धुतात त्या लाँड्रीत इस्त्री करते. पूर्वीची चादर झटकली की फाडकन आवाज यायचा, आताची उचलून धरली की पलीकडची बाई जांभई देताना दिसते! साबणाची वडी बोटांत शोधावी लागते. नळाला पाणी यायचं, आता तो नुसता खोकतो. राहिला होता तो कोपऱ्यावरचा सरकारी दवाखाना. सासूबाईंना दमा. छाती भरून आली की चार पावलांवर वाफ मिळायची, तेवढ्यावर म्हातारी तगून होती... आणि सगळं छान चाललंय म्हणे!

तर तो आला. झिजलेले बूट, खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र, तेही उलटं फिरलेलं! आधी गेला खालच्या शिंप्याकडे. शिंप्याच्या छपरातून टपटप पाणी गळतंय, खाली बादली. "ही बादली कशाला?" तर शिंपी काय म्हणाला असेल? "झाडाला पाणी घालायला!" अहो, त्या दुकानात झाड सोडा, गवताची काडी नाही! तो माणूसही बघत राहिला, झाड कुठंय, झाड कुठंय...

मग आमच्याकडे. बसला आणि विचारतो, "नळाला पाणी किती वेळ येतं?" आमचे हे माझ्या कानात, "बघ, मुलगी पाणी भरेल का ते काढून घेतोय." "पाच वर्षांपूर्वीपेक्षा आयुष्य बरं की वाईट?" "बघ, माझा पगार विचारतोय आडून!" "समोरच्या गटारावर झाकण आहे का?" आता मला सांगा, लग्नाच्या चौकशीला गटाराचं झाकण कुणी विचारतं? काय, वरात त्यातून काढायचीय? मी ह्यांना म्हटलं, हा सरकारी माणूस आहे, पण ऐकतील तर ना! शेवटी उठले आणि सरळ म्हणाले, "दादा, वाईट! सगळं वाईट! लिहा! पाणी नाही, जिन्यात दिवा नाही, दवाखाना आहे म्हणून जिवंत आहोत!" तर हे खो खो हसले, "हिला गंमत करायची भारी सवय!" आणि लेकीनं मला असा चिमटा काढला, असा काढला... "आई, माझं लग्न मोडायचंय का तुला?"

तो वळला सासूबाईंकडे. "आजी, दवाखान्याची गरज पडते का?" आता म्हातारीनं मघापासून तोंडात रुमाल कोंबलेला. घराण्यात दमा आहे असं मुलाकडच्यांना कळलं तर! रुमाल काढला आणि म्हणते कशी, "मला? इश्श! मी अजून दोन-दोन पायऱ्या चढते!" परत रुमाल आत. जांभळी पडली हो! तो जिना उतरेपर्यंत दम धरून बसली बिचारी. उतरला, आणि मग जी उबळ आली, ती थेट दवाखान्यात नेल्यावर थांबली.

आणि मग एके सकाळी त्याच दवाखान्याच्या दाराला कुलूप, वर पाटी. या भागातील जीवनमान उंचावल्यामुळे दवाखाना बंद करण्यात येत आहे. गल्ली अशी गोळा झाली, जसं कुणी गेलंय! शिंपी म्हणतो, "पण आपण तर मुलाकडच्याला सांगितलं होतं..." सगळं छान चाललंय म्हणे!

त्यानंतर आली खरी मुलाकडची माणसं, म्हणजे मुलाची आत्या. आता चिडलेल्या गल्लीला कोण आवरणार? शिंप्यानं बादली उचलून दाखवली, कुणी कोरडा नळ दाखवला, कुणी पडलेला गिलावा हातात ठेवला, कुणी त्या पिशवीवाल्याची सगळी कथा सांगितली. मी म्हटलं, झालं, मोडलं लग्न! तर आत्या मटकन खाली बसली. "अगं बाई! आमच्याकडेही तसलाच एक आला होता, पिशवीवाला. आम्हाला वाटलं, मुलीकडचा!" त्यांचाही दवाखाना गेला!

आता कळलं तुम्हाला, देश वर कसा चाललाय ते? अहो, लग्न जमतंय असं एक तरी घर प्रत्येक गल्लीत असतंच की! देशाचं काय, वरच जाणार!

लग्न ठरलं, ते सोडा. पण वाफेसाठी आता दोन बस बदलून जावं लागतं. काल सासूबाईंना घेऊन निघाले, हेही बरोबर. म्हातारी एक श्वास घेते, एक शब्द बोलते. "तुला... कळलं होतं... तर... नीट सांगायचं... भांडल्यासारखं... खरं बोलतेस... कोण... विश्वास ठेवील?" हे लगेच, "तेच तर!" पुढच्या बाकावरचा शिंपी मान डोलावतो, "वहिनी, जरा गोडीत बोलला असता तर..." अहो, तिकीट फाडता फाडता कंडक्टरसुद्धा म्हणाला, "बरोबर आहे आजींचं!" त्याचा काय संबंध?

पण नाही. बसमध्ये सगळ्यांचं एकमत झालं. नळ आटला, छप्पर गळलं, दवाखाना गेला, देश बुडाला, सगळं कुणामुळे? दुसरं कोण असणार हो...

सूनबाई!