चकती तीनवर होती

नाव सायमा रिंटाला, वय २८ वर्षे, धंदा रायफलदुरुस्ती व नेम धरायची साइट बसवणे, राहणार कोर्पी क्रीक, उत्तर मिशिगन.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे.

बेपत्ता ऑर्वो केस्किटालो, वय ३३, लाकूडगिरणीत कामाला, यास मी चार वर्षे ओळखते. सप्टेंबरात तो वडिलांची रायफल घेऊन आला. तिच्यावर दुर्बीण होती. "हरीण वीस पावलांवर आलं आणि आत नुसते केस दिसले. पुढचं की मागचं, तेही कळेना," असे तो म्हणाला. दाट झाडीत जवळच्या नेमाला मोठे करून दाखवणारी काच अडचणीची ठरते. म्हणून मी दुर्बीण काढून, मोठे न करता काचेत नुसता लाल ठिपका दाखवणारी साइट बसवली व पन्नास यार्डांवर जुळवून दिली.

आठवड्याने तो परत आला. "तुझा ठिपका फुटलाय, सायमा. चिरडलेल्या माशीसारखा दिसतोय." ठिपका ठीक होता. दोष त्याच्या डोळ्यात होता. अशा डोळ्याला प्रखर ठिपका पसरलेला दिसतो. मी ठिपक्याचा उजेड कमी केला.

"म्हणजे मीच वाकडा?"

"डोळा. बाकीचं मी तपासलेलं नाही," असे मी म्हणाले.

उजेडाच्या चकतीवर दहा आकडे आहेत. उघड्या बर्फावर आठ, सीडरच्या गर्द झाडीतल्या दलदलीत भरदुपारीही तीन, असे मी त्याला सांगितले. ते त्याला तेव्हाच समजले. त्यानंतर तो चकती समजून घ्यायला आणखी पाच वेळा आला. मी दर वेळी समजावली.

काल, १५ नोव्हेंबरला, हरणाच्या शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी तो एकटा गेला व परतला नाही. आज सकाळी त्याची रायफल, टेकडीची व दलदलीची वाट फुटते त्या फाट्यावर, झाडाला टेकवलेली मिळाली. त्याचे मचाण पूर्वेच्या टेकडीवर आहे, म्हणून शोधपथक तिकडे गेले आहे.

रायफल मला ८.४० वाजता दाखवण्यात आली. ठिपका चालू आहे. चकती तीनवर आहे. उघड्या टेकडीवर, बर्फात, तीनचा ठिपका दिसत नाही. नळी रिकामी आहे. मॅगझिनमध्ये चारऐवजी तीन गोळ्या आहेत. माझे म्हणणे असे की, त्याने दलदलीत हरीण मारले, रायफल फाट्यावर आणून ठेवली, आणि ते ओढून आणायला मोकळ्या हातांनी परत आत गेला. तिथल्या पाण्यावरचा बर्फ अजून पातळ आहे, माणसाचे वजन पेलत नाही. शोध दलदलीत घ्यावा.

शेरीफचे डेप्युटी हॉकिन्सन यांनी विचारले, "आणि चुकलीस तर? माझी माणसं अर्धा दिवस चिखलात."

"आकडा तो चुकवत नाही."

"एवढी खात्री?"

मी चकतीवरचा आकडा त्यांच्यापुढे धरला. ९.०५ वाजता त्यांनी पथक वळवले.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. वेळा व आकडे मी सांगितले तसेच आहेत. बेपत्ता व्यक्तीशी नाते या रकान्यात 'ग्राहक' लिहिले होते. ते मी खोडायला लावले. त्या जागी काय लिहायचे, असे विचारता, तो आल्यावर त्याला विचारून लिहावे, असे मी सांगितले.